जोडलेली चौकट

चंद्रावर जाणाऱ्या शेवटच्या यानात तीनशे जागा होत्या. लहान वयाचे आधी, अशी यादी संगणकावर आपोआप लावणारा मॅक्रो पुन्हा अडकला. स्क्रीनवर तोच रनटाइम एरर. यादी लागेपर्यंत यानाचं दार उघडणार नव्हतं.

यादी भरणाऱ्या उज्ज्वला तांडेलला चूक सापडली. तिचीच होती. चिंतामण आणि द्रौपदी केणी "आमचं एकत्रच लिहा" म्हणाले, म्हणून तिने दोन ओळींच्या चौकटी जोडून एकच केली होती; जोडलेली चौकट मॅक्रोला हलवता येत नव्हती.

"काका, नावं वेगळी करावी लागतील."

"कर की, पोरी. माणसं खोळंबलीत."

तिने चौकट तोडली. यादी सरसर लागली. काकू दोनशे अठ्ठ्याण्णव, काका तीनशे चार.

दार उघडलं.

"झालं ना एकदाचं?" म्हणत काकांनी दोघांची मिळून असलेली एकुलती पिशवी उचलली.