भरलेला कप

“हाताचा कंप थांबला का, आजी?” पडद्यावरून फिनलंडच्या आयनोनं विचारलं. द्वारकाबाईंच्या मनगटावरची, कंप थांबवणारी पट्टी तिनंच बनवली होती. तिचं बोलणं इथे मराठीत ऐकू येत होतं.

“अगदी झकास!” द्वारकाबाई म्हणाल्या आणि थरथरता हात त्यांनी पदराखाली घेतला.

देवरुखच्या आरोग्य केंद्रातली नर्स अर्पिता वैतागली. “आजी, खोटं कशाला सांगता?”

“इतक्या लांबून बिचारी चौकशी करते. तिच्या तोंडावर नावं ठेवू?”

“तुम्ही झकास म्हणालात की खरेदी पक्की. मग हीच पट्टी इथे, पोर्तुगालात, सगळीकडे जाणार. पेशंटनं मागितलेलं काम जमलं तरच घ्यायची, असं सगळ्या सरकारांनी मिळून ठरवलंय. तुम्ही काय मागितलं होतंत?”

“आल्यागेल्याला अर्धा कप चहा द्यावा लागतो, सांडतो म्हणून. भरलेला देता यावा.”

अर्पितानं भरलेला कप पुढे ठेवला. द्वारकाबाईंनी उचलला, तर निम्मा चहा बशीत. त्या ओशाळल्या.

पडद्याच्या दुसऱ्या चौकटीत तशीच पट्टी बांधलेले पोर्तुगालचे दुआर्ते आजोबा होते. मघाशी तेही ‘उत्तम’ म्हणाले होते. आता त्यांनी मुकाट्यानं शर्टावरचा सूपचा डाग दाखवला.

आयनो हसली. “बरं झालं सांगितलंत. आता दुरुस्त करता येईल.”

पावसाळा सरल्यावर नवी पट्टी आली. आयनोनं तोच प्रश्न विचारला. द्वारकाबाईंनी काठोकाठ भरलेला कप उचलून पडद्यापुढे धरला. बशी कोरडी होती.

“ये आता कधीतरी,” त्या म्हणाल्या. “अर्धा कप नाही देणार.”