मागची पावलं

आयर्लंडहून गुंतिसचा फोन आला तेव्हा म्हातारी मिर्दझा नवऱ्याच्या कबरीभोवती पसरायला वाळू चाळत होती.

"आई, यंदा कबरींच्या सणाला आम्ही सगळे येतोय! प्रवास नीट आखतोय. विहिरीचं पाणी मुलांना चालेल ना?"

"तेच पिऊन तू एवढा घोडा झालास."

"आणि जंगलातल्या गोचिड्या?"

"आहेत की. तुला चावायच्या आणि मरायच्या बिचाऱ्या."

"थट्टा नको गं! ही म्हणते, सरहद्द जवळ आहे, लढाईची भीती आहे का ते तिथल्या कुणाला तरी विचारून घे."

"मग मी कुठली रे?" मिर्दझा हसली. "काही भीती नाही बाळा, ये."

सणाच्या आदल्या दिवशी निरोप आला: मुलांसाठी स्पेनच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने कबरीवर फुलं ठेवली आणि रीतीप्रमाणे वाळूवर दाताळं फिरवत, स्वतःची पावलं पुसत उलट्या पावली मागे आली.

शेजारीण आऊस्मा हळहळली, "पोरगा आला असता तर ही रीत शिकला असता."

"त्याला काय शिकवायचं, बाई?" मिर्दझाने दाताळं झटकलं. "गावातून गेला तो मागची पावलं पुसतच गेला."