आठ वेळा मांडलेला माणूस

कचेरीच्या भिंतींवरचे फोटो उतरवले होते. खिळे तेवढे राहिले होते. अन्सेल्मो बर्राझा नेहमीच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. शेजारी त्याची मुलगी ओफेलिया, आठव्या महिन्याचं पोट सावरत.

"अन्सेल्मोकाका, तमाले कशाला आणलेत?" खोक्याला चिकटपट्टी लावत कोन्सुएलो म्हणाली. सेनेटर व्हिटकोम यांची या गावातली कामं तीच बघत असे. "माझ्याकडून आता काही होणार नाही, हे फोनवरच सांगितलं होतं ना?"

"डिसेंबर आहे, नाताळ आला. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

तिने मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंचा डबा घेतला आणि खोक्यांच्या मधे कुठे ठेवावा ते तिला कळेना.

दर दोन वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये नवी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, बसते आणि जुन्या काँग्रेसची राहिलेली विधेयकं मरतात. तशी अन्सेल्मोची सात मेली होती. त्याच्या एकट्याच्या नावाचं विधेयक, याला या देशात राहू द्यावं एवढंच सांगणारं. सेनेटर ते दर वेळी नव्याने मांडत. ते कधी पुढे सरकलं नाही. पण ते पडून असेपर्यंत अन्सेल्मोला कुणी सीमेपलीकडे घालवत नसे. सोळा वर्षं अशी निघाली. पेकानच्या, अक्रोडासारख्या फळांच्या, बागेत सोबतीचे लोक झाड हलवण्याच्या यंत्रावरून ओरडत, "काय रे विधेयका, झालास का पास?" तोही हसून म्हणे, "अजून वाचतायत."

आठवं विधेयक तीन जानेवारीला मरणार होतं. सेनेटर या खेपेला निवडणुकीला उभेच राहिले नव्हते. त्यांच्या जागी आलेला माणूस सीमेवरची भिंत आणखी उंच करतो म्हणून निवडून आला होता. सहा जानेवारीला अन्सेल्मोने देश सोडण्यासाठी एका पिशवीत मावेल एवढं सामान घेऊन इमिग्रेशनच्या कचेरीत हजर व्हायचं, असं पत्र आलं होतं.

"दुसऱ्या कुणा सेनेटरला विचारलंत?" ओफेलियाने विचारलं.

"पाच जणांच्या कचेऱ्यांत. दोघांनी फोन उचलला."

"मग?"

"एकीनं नाव लिहून घेतलं." कोन्सुएलोने मान खाली घातली. "पोरी, ती नाव लिहून घेतानाच मला कळलं. मीही अशीच लिहून घेते."

"फेब्रुवारीपर्यंत तरी थांबवा. मला फेब्रुवारीत दिवस भरतात. नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

टेबलावर गुळगुळीत पुस्तिकांचा गठ्ठा होता, निरोपाच्या समारंभात वाटून उरलेला. बोलायचं टाळायला कोन्सुएलोने एक ओफेलियाच्या हातात दिली. सेनेटरांची तीस वर्षांची कामगिरी.

ओफेलिया पानं उलटत गेली. एका पानावर थांबली.

"बाबा, हे बघा. 'स्थलांतर आणि सीमा. मांडलेली विधेयकं, चौदा.' खाली यादी आहे. 'अन्सेल्मो बर्राझा यांना दिलासा देण्याबाबत.' परत तेच. परत तेच." तिने बोटाने मोजलं. "चौदातली आठ तुम्हीच आहात."

अन्सेल्मो वाकून बघू लागला. त्याला स्वतःचं नाव ओळखता येत होतं. "छान छापलंय," तो म्हणाला.

"छान काय त्यात? ही शेजारची ओळ वाचते थांबा. 'एकदा देशाबाहेर काढलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा कधी कागद मिळू नयेत, असा कायदा. बाजूने मत.' पहिल्याच वर्षी. बाबा, तुम्हाला अडकवलंय तो हाच कायदा!"

"माहीत आहे."

"माहीत होतं? आणि सोळा वर्षं यांच्याच दारात तमाले आणताय?"

"मग कुठं जाणार? दार ज्यानं लावलं, किल्ली त्याच्याकडंच मागायची ना, बाई."

आतल्या खोलीचं दार उघडलं. सेनेटर कोट हातावर टाकून बाहेर आले. म्हातारे झाले होते. अन्सेल्मोला बघून त्यांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"अन्सेल्मो! आपण दोघांनी पुष्कळ झुंज दिली."

"होय, सेनेटरसाहेब." अन्सेल्मोने मुलीच्या हातातून पुस्तिका घेतली, ते पान उघडलं आणि पुढे धरली. "यावर सही द्या."

"आनंदानं." सेनेटरांनी पेन काढलं. 'माझा मित्र अन्सेल्मो यास' असं लिहून मोठी सही केली.

"खाली तारीख घाला."

"आज किती, अठरा ना?"

"आजची नको. सहा जानेवारी घाला. तिथल्या साहेबाला दाखवायचीय. माझं नाव आठदा छापलंय, तुमची सही आहे. तारीख जुनी दिसली तर तो म्हणेल, हे संपलेलं आहे."

ओफेलियाने तोंड फिरवलं. कोन्सुएलोच्या हातातली चिकटपट्टी तशीच ताणलेली राहिली. सेनेटरांनी पेनाला टोपण लावलं.

"अरे, त्या तारखेला मी कुणीच नसेन," ते हळूच म्हणाले.

"पण तुम्ही घरी असाल," अन्सेल्मो म्हणाला.