खंड्याचा रॉकी

"रॉकी! रॉकी, इकडं ये!"

बापूसाहेबांनी गच्चीवरून सातव्यांदा हाक मारली. अंगणातल्या खंड्यानं कानसुद्धा हलवला नाही. जन्मल्यापासून तो खंड्या होता, आणि चार दिवसांत रॉकी व्हायची त्याची काही तयारी दिसत नव्हती.

"अहो, आधी गॅझेटात नाव बदलून घ्या त्याचं," कपडे वाळत घालता घालता त्यांची बायको सोनाली म्हणाली. "मग ऐकेल."

बापूसाहेबांना हसू आलं नाही. शनिवारी शहापुरे साहेबांबरोबर कॅम्पिंगला जायचं होतं. शहापुरे साहेब म्हणजे चिंचोळी एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्याचे मॅनेजर. सुपरवायझरची जागा रिकामी होती आणि ती कुणाला द्यायची ते साहेबच ठरवणार होते. साहेबांचा लॅब्रेडोर येणार म्हटल्यावर बापूसाहेबही बोलून गेले होते, "मग आमचा रॉकी पण येईल की. पुण्यात ट्रेनिंग झालंय त्याचं."

ट्रेनिंग झालं होतं ते मेंढरांमागं. कुत्रा आबांचा, म्हणजे बापूसाहेबांच्या वडिलांचा. ज्ञानबा आबांनी चाळीस वर्षं माळावर मेंढरं राखली होती. आता मेंढरं वळसंगला निंगव्वा आत्याकडं, आणि आबा जुळे सोलापुरात मुलाकडं. पण दर शनिवारी सकाळी काठी उचलून एसटीनं वळसंगला जायचे ते रविवारी संध्याकाळी परत. मेंढरांची आठवण येती म्हणायचे.

गच्चीवर नवा तंबू उभा होता. उभा म्हणजे, तीनदा पडून चौथ्यांदा उभा केलेला. आबा जिन्याच्या पायरीवर बसून सगळं बघत होते.

"बापू, तंबूचं तोंड वाऱ्याकडं केलंयस. पाठ कर की."

"आबा, हे कॅम्पिंग आहे. मेंढरांमागचं पाल नव्हे."

"व्हय, व्हय. पर वाऱ्याला कुटं ठावं हाय ते?"

तेवढ्यात वारा आला आणि तंबू बसला. आत बापूसाहेब होते.

ते बाहेर आले तोवर आबांनी एक शीळ घातली होती आणि खंड्या चार उड्यांत गच्चीवर हजर झाला होता. बापूसाहेबांनी त्याला गळ्याला धरून तंबूत झोपवून बघितलं. तो लगेच बाहेर आला आणि तंबूकडं पाठ करून राखण करत बसला. पाच वेळा आत, पाच वेळा बाहेर. पुण्यात ट्रेनिंग झालेला कुत्रा असा बसतो का, या काळजीनं बापूसाहेबांना घाम फुटला.

"माणसं किती म्हणायची?" आबांनी विचारलं.

"साहेब, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं."

"बाईसायबांना भुईवर झोप लागंल का? का खाली कडबा पसरावा लागंल?"

"ते बघायला तिथं माणूस आहे, आबा. साहेब त्याला मामा म्हणतात. दोन वर्षं त्याच्याच भरवशावर जातात. नुसत्या पावलांच्या मागावरून लांडगा सांगतो म्हणे. ऑफिसात बघावं तेव्हा साहेबांच्या तोंडी मामा! मामांच्या शब्दाबाहेर जात नाहीत ते."

"आसंल की," आबा म्हणाले आणि खंड्याच्या कानामागची गोचीड काढू लागले.

बापूसाहेबांना धास्ती होती ती वेगळीच. आबा येतो म्हणाले तर? साहेबांच्या घरात दोन डॉक्टर, एक जज्ज. एकदा चहा घेताना साहेबांनी सहज विचारलं होतं, वडील काय करायचे? आणि बापूसाहेबांच्या तोंडून निघून गेलं होतं, "हेडमास्तर होते." नंतर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण निघालेला शब्द परत कसा घ्यायचा?

"आबा, तुम्ही येताय का आमच्याबरोबर?" त्यांनी अखेर विचारलं. विचारलं खरं, पण मनात देव पाण्यात घालून.

"मी? न्हाई बा. शनवारी काम हाय मला."

बापूसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी बांधाबांध झाली. स्लीपिंग बॅगा, टॉर्च, डासांचं मलम, रॉकीसाठी नवा पट्टा आणि बिस्किटं. सोनालीनं कडक भाकरी, शेंगाचटणी घेतली. सोलापुरी चादरी घ्यायला निघाली तर बापूसाहेबांनी तिला अडवलं. कॅम्पिंगला चादरी नेत नाहीत म्हणे.

शनिवारी आबा नेहमीप्रमाणे सकाळीच निघाले.

"आज नवा गुलाबी पटका बांधलाय आबांनी," सोनाली म्हणाली.

"मेंढरांना दाखवायला असेल," बापूसाहेब म्हणाले आणि सामान गाडीत भरू लागले.

दुपारी दोन्ही गाड्या निघाल्या. साहेबांची पुढं, बापूसाहेबांची मागं. अक्कलकोट रस्ता धरल्यावर बापूसाहेबांचं तोंड उतरलं. वळसंग आलं तसे ते सीटवर खाली सरकले. वळसंग मागं पडलं तसे वर सरकले, आणि चक्क शीळ घालायला लागले.

पुढं गाड्या माळाला लागल्या. टेकाडाच्या आडोशाला तीन तंबू उभे होते, वाऱ्याकडं पाठ करून. खाली कडबा पसरला होता. चूल पेटली होती. बापूसाहेबांनी दार उघडायचा अवकाश, खंड्या पट्ट्यासकट सुटला.

"रॉकी! रॉकी, स्टॉप!"

रॉकी थेट चुलीपाशी गेला आणि तिथं घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याच्या पायावर लोळला. म्हाताऱ्याच्या डोक्याला नवा गुलाबी पटका होता.

"बघितलीत मामांची जादू?" शहापुरे साहेब मोठ्यानं हसले. "मामा, हे आमचे बापूसाहेब. सांगितलं होतं ना तुम्हाला यांच्याबद्दल?"

म्हातारा सावकाश उठला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"सांगितलं हुतं की. रामराम, सायेब. तुमचं वडील लई मोठं हेडमास्तर हायत म्हणं. त्यास्नी बी आणायचं हुतं की संगट."