आग्नेयेचा बोर्ड

"बोर्ड आग्नेयेलाच हवा. वीज म्हणजे अग्नी," टिळेकर काकांनी पुन्हा ठणकावलं.

घराच्या वायरिंगचं काम घेतलेल्या मृणालने कपाळावर हात मारला. "काका, तिथे खाली सिंक आहे! पाण्याच्या वर बोर्ड लावायचा नाही, असा नियमच आहे. काकू ओल्या हातांनी बटण दाबतील, शॉक बसेल."

"नियम माणसांनी केलेत. दिशा देवाने."

सकाळपासून घसा फोडून सांगून ती कंटाळली होती. शेवटी तिने ड्रिल उचललं. "लावते! पण अग्नीच्या पायाशी पाणी वास्तूला चालतं का, ते बघा."

काका पांढरेफटक पडले. त्यांनी लगेच प्लंबरला फोन लावून सिंक ईशान्येला हलवायला सांगितलं.

"एवढा धोका होता," ते तिच्यावरच डाफरले, "तर सकाळीच नाही का सांगायचं?"