बिनचूक बूट

डॉक्टरबाईंनी टेप कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत धरली. मग दुसऱ्या पायाला. मग पुन्हा पहिल्याला, कारण आकडा त्यांना पटला नाही.

"चार सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "डावा आखूड. आणि ही दारातून सरळ चालत आली?"

चौदा वर्षांची मुलगी टेबलावर अनवाणी पडली होती. कंबर दुखते म्हणून आई तिला घेऊन आली होती. बाप दाराशी उभा होता. तो बूट बनवायचा आणि लोक त्याला उस्ताद म्हणायचे. लोक काय, कुणालाही उस्ताद म्हणतात. इथे मात्र त्यांचं चुकलं नव्हतं.

त्याने टेबलाखालचे बूट उचलून पुढे केले. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. डाव्याच्या आत बुचाचा थर भरलेला, उजव्याचा तळ आतून कोरून पोकळ केलेला.

"फरक वाढला की नवा जोड," तो म्हणाला. "शाळेत कुण्णाला पत्ता नाही. कवायतीला पहिल्या रांगेत असते."

डॉक्टरबाईंनी जुनी फाईल उघडली. सातव्या वर्षी मुलीच्या डाव्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता. गोळा सावरला, पण चपटा होऊन. त्या बाजूची वाढ मागे पडणार, हे तेव्हाच दिसत होतं. लाल शाईत लिहिलं होतं: दर सहा महिन्यांनी मोजमाप, अकराव्या वर्षाच्या आसपास छोटी शस्त्रक्रिया. त्याखालचे सगळे रकाने कोरे होते.

"आला का नाहीत?"

"लंगडतच नव्हती ना," आई म्हणाली. "लंगडायला लागली की न्यायचं, असं आमचं आम्हीच ठरवलं."

"कसली शस्त्रक्रिया?" मुलीने विचारलं.

"चांगल्या पायाची गुडघ्याजवळची वाढ थांबवायची. म्हणजे मागचा येऊन त्याला गाठतो."

"धडधाकट असल्याची शिक्षा?" मुलगी हसली. "बरं, मग थांबवा की."

डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "वाढत्या हाडात इथे एक काळी रेघ दिसते. तुझी मिटली. पाय आपणहून थांबलेत. दोन्ही."

मुलीचं हसू ओसरलं.

"आता आखूड मांडीचं हाड कापायचं, बाहेरून सळ्या बसवायच्या आणि रोज एक मिलिमीटर ताणायचं. काही महिने. दुखेल. खुब्याला ते सोसेल का, हे आज सांगता येत नाही."

"रोज," मुलगी म्हणाली. 

आई नवऱ्याकडे वळली. "जो तो तुमचे बूटच बघत राहिला हो. मीसुद्धा."

उस्तादने कारागिराला सुचेल तेच विचारलं. "बाई, माझा बूट कुठे चुकला का?"

"कुठेच नाही. केसभरसुद्धा नाही." डॉक्टरबाईंनी फाईल मिटली. "बूट घालून इथे यायचं होतं, इथे यायच्या ऐवजी नाही. जरा वाकडा जमला असता ना, तर ही लंगडली असती आणि तुम्ही तीन वर्षांपूर्वीच धावत आला असता."

त्यांनी डावा बूट हातात घेतला. आत बोट फिरवलं. शिवण कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते त्यांनाही सापडेना. एकाच पायावर इतका सफाईदार हात कुणाचा बसत नाही, हे त्यांना स्वतःच्या धंद्यावरून माहीत होतं.

"उस्ताद," त्यांनी हळूच विचारलं, "हे फक्त हिच्यासाठीच बनवता ना?"

उस्ताद बोटांवर मोजू लागला. एक हात संपला. दुसराही संपला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"लांबलांबून येतात हो लोक," तो म्हणाला. "आमच्या भागात आता एकही पोर लंगडत नाही."