पुराचं दार

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या संभाजीनगरात पुराची दारं बनतात, याचं वेल्डर कडुबाला हसू यायचं. भरतीचं पाणी अडवायला मुंबईतल्या समुद्राकाठच्या सोसायट्या अशी दारं मागवायच्या. दार झालं की अंगाशी लावून बघायची त्याला खोड होती. पहिल्या साली दार गुडघ्याला लागलं, नंतर कमरेला. आजचं थेट छातीला लागलं, आणि त्यावर लेकीच्याच सोसायटीचं नाव होतं. त्यानं घाईघाईनं फोन लावला. "अपेक्षा, पोरीला घेऊन इकडं निघून ये." "आन् नळाची वाट बघत बसू व्हय?" लेक हसली. "भिऊ नका, बाबा. आता आमच्याकडं नवं दार बसवणारेत." ते दार कडुबाच्या समोरच उभं होतं. मागून नात ओरडली, "आजोबा, मी खूप उंच झाले!" कडुबानं दाराकडं पाहिलं. गेल्या दिवाळीत ती त्याच्या कमरेला लागत होती.